सोल्वेगसाठी भरलेली काडतुसं

आमच्या खोऱ्यातला वारा इतका आगाऊ, की इथल्या पेटीत टाकलेलं पत्र डोंगरापलीकडच्या गावात जाऊन पडतं आणि तिथल्या लोकांना आमच्या भानगडी आमच्याआधी कळतात. त्यामुळे आर्विड हाउगेनची मुलगी येणार ही बातमी खुद्द आर्विडकडून कळली, याचंच मला आधी नवल वाटलं.

आर्विड माझा शेजारी. शेजारी म्हणजे त्याच्या धुराड्याचा धूर माझ्या खिडकीतून दिसतो, एवढाच. त्याची बायको इंगा गेल्यापासून तो धूर उशिरा निघायला लागला होता. एखाद्या दिवशी निघायचाच नाही. मग मी मीठ मागायच्या निमित्तानं जाऊन यायचो. असं करत मी इतकं मीठ आणलं, की माझ्या मेंढ्या ते चाटून चाटून समुद्राची स्वप्नं बघायला लागल्या.

त्या दिवशीही मीठच मागायला गेलो होतो. तो गोठ्याशेजारच्या खोलीत, काडतुसं भरायच्या बाकापाशी बसला होता. समोर इंगाचा डबा उघडा, आणि त्यात तिच्या बंदुकीतून उडालेल्या पितळेच्या रिकाम्या पुंगळ्या.

"सोल्वेगचा फोन आला होता," तो म्हणाला. "एल्क हरणाच्या शिकारीचं परमिट लागलंय तिला. येतेय. तीस-झिरो-सहा जातीची काडतुसं भरून ठेवाल का, म्हणाली."

"वा! मग तू काय म्हणालास?"

"बरं म्हणालो."

"आणि?"

"आणि काय? ठेवला फोन."

इंगाच्या दफनानंतर सोल्वेगनं आईची बंदूक मागितली होती. आर्विड तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाला होता, "घेऊन जा. किनाऱ्यावरच्या शहरात तिचा काय उपयोग? वर्षाच्या आत विकशील." तिनं बंदूक गाडीत ठेवली आणि गेली. त्यानंतर ती आली नव्हती. नाताळला फोन करायची, हवापाण्याचं बोलायची.

"कोणती बंदूक आणतेय?" मी विचारलं.

"तेच तर." त्यानं एक पुंगळी बोटांत धरून फिरवली. "ते बोलली नाही."

आता यात एवढं काय, असं कुणाला वाटेल. पण गोळी उडाली की पितळ फुगतं आणि ज्या बंदुकीत उडालं तिच्या आतल्या घराच्या मापाचं होऊन बसतं. पुन्हा भरायचं तर दोन तऱ्हा. एक, साच्यात घालून फक्त मान दाबायची, म्हणजे गोळी घट्ट बसेल. बाकी अंग फुगलेलं तसंच ठेवायचं. ते काडतूस त्या एकाच बंदुकीत जातं आणि नेमही नेटका लागतो. दुसरी तऱ्हा म्हणजे सगळं अंगच दाबून कारखान्यातून आल्यासारखं करायचं. मग ते त्या जातीच्या कुठल्याही बंदुकीत जातं, पण कुठल्याच बंदुकीचं राहत नाही.

इंगानं आयुष्यभर फक्त मान दाबली. तिचा नेम असा, की ती नेम धरायची तेव्हा डोंगर श्वास रोखायचा. एकदा तिला शिंक आली आणि गोळी सुटलीच नाही, तर डोंगर बिचारा तसाच ताटकळला. आठवडाभर खोऱ्यात वाऱ्याची झुळूक नव्हती. बायकांनी वाळत घातलेले कपडे सरळ खाली लोंबताना तेव्हाच काय ते मी पाहिले.

"मान दाब," मी म्हणालो. "तिच्या आईची बंदूक असेल तिच्याकडे."

"आणि नसली तर? डोंगरावर काडतूस आत बसणार नाही, बंदुकीचा बोल्ट मिटणार नाही. विकली हे तुझ्यासमोर तिला कबूल करावं लागेल. कशाला पोरीला तोंडघशी पाडू?"

"मग विचार की तिला. फोन आहे ना तुझ्याकडे, का तोही गोठला?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला चर्चमध्ये चड्डीवर नाचायला सांगितलं होतं. आमच्याकडे कुणी विचारत नाही. शेजाऱ्याचं घर पेटलं तरी आमचा माणूस कुंपणाशी उभा राहून म्हणतो, "आज जरा उबदार आहे, नाही?"

"विचारलं, म्हणजे मला शंका आहे हे तिला कळणार," तो म्हणाला.

"शंका आहेच ना तुला?"

त्यानं लोकरीच्या मेणाची डबी ओढली. मान दाबायला ते लागत नाही. सगळं अंग दाबायचं असेल तरच पितळाला मेण लावतात, नाहीतर पुंगळी साच्यात अडकून बसते. मी काय ते समजलो. तो एकेक पुंगळी मेणावरून फिरवायचा, साच्याखाली ठेवायचा आणि दांडा खाली ओढायचा. इंगाच्या बंदुकीचं माप एकेकातून निघून जात होतं. मी मीठ न घेताच घरी आलो.

सोल्वेग आली ती शुक्रवारी दुपारी. तिच्या केसांत आता पांढरं दिसत होतं. बंदूक लांब पेटीत बंद. तिनं ती भिंतीशी उभी केली आणि आर्विडनं पेटीकडे न बघण्याचा असा काही सपाटा लावला, की बघतोय त्यापेक्षा जास्त दिसत होतं. त्यानं इंगाच्या पद्धतीनं बटाट्याच्या पोळ्या केल्या होत्या. त्या इतक्या चिवट, की एक मी नंतर बुटाला तळ म्हणून लावली.

"छान झाल्यात, बाबा."

"आईच्या पातळ व्हायच्या."

"हो."

एवढंच. मी मध्ये बसून दोघांच्या वाट्याचं बोललो.

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही तिघं कड्यावर होतो. खाली कुरणात धुकं, आणि धुक्याच्या कडेला एल्क चरत होते. सोल्वेगनं पेटी उघडली.

इंगाचीच बंदूक होती. दस्त्यावर खेचराच्या चाव्याची जुनी खूण तशीच. नळीला गंजाचा ठिपका नाही, तेलाचा वास ताजा. समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंड असं राखायचं, म्हणजे रोजचं पुसणं आलं.

आर्विडनं ती पाहिली. त्याचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला. तो काही बोलणार होता, पण सोल्वेगनं काडतूस आत सारून बोल्ट मिटलासुद्धा.

अगदी अलगद मिटला तो.

तिचा हात थांबला. तिनं बोल्ट उघडला, पुन्हा मिटला, या वेळी हळू. मान दाबलेलं काडतूस असलं, की शेवटच्या वळणाला बोल्ट जरासा जड जातो. लहानपणी आईनं तिच्या तळव्याला ते शिकवलं होतं. आता तिथं काहीच नव्हतं.

"सगळं अंग दाबलंत," ती म्हणाली.

आर्विडनं दुर्बिणीची काच पुसायला घेतली.

"आईच्या डब्यातलीच आहेत ना पितळं?"

"हो."

"म्हणजे मी विकली असं वाटलं तुम्हाला."

"तसं नाही गं. म्हटलं, कुठलीही आणलीस तरी चालावी. तुझी अडचण नको व्हायला."

"माझी सोय बघितलीत."

"सोल्वेग, अगं आर्विडचा—" मी तोंड घातलं.

"हार्लनकाका, एल्क ऐकतील."

मी गप्प बसलो. खोऱ्यात ही नोंद घेण्यासारखी घटना आहे.

तिनं एकच गोळी झाडली. एल्क दोन पावलं चालला आणि बसला. तिनं बोल्ट मागे ओढला, रिकामी पुंगळी बर्फात उडाली. ती वाकली, पुंगळी उचलून हातमोज्यावर पुसली आणि छातीच्या खिशात ठेवून बटण लावलं. मग आम्ही जनावर साफ करायला उतरलो. काम करताना बापलेक सुरी मागत होते, दोरी मागत होते, पाय धर म्हणत होते. आमच्याकडे भांडणही एवढ्याच शब्दांत होतं.

ती रविवारपर्यंत राहणार होती. शनिवारीच निघाली. मांसाचा मोठा वाटा बापाच्या फ्रीजरमध्ये रचला, आणि उरलेली काडतुसं टेबलावर ठेवली.

"ही तुम्हालाच राहू देत, बाबा. तुमच्या बंदुकीत चालतील. कुणाच्याही चालतील."

आर्विड गाडीपर्यंत गेला. खिडकीशी वाकून त्यानं काहीतरी विचारलं. हो, विचारलं, प्रश्न विचारताना त्याची हनुवटी वर जाते. पण वारा माझ्याकडून तिकडे वाहत होता, त्यामुळे एक अक्षर ऐकू आलं नाही. सोल्वेगनं काय सांगितलं तेही नाही. गाडी गेली, आणि तो रस्त्याकडे बघत उभा राहिला. टोपी उडाली तरी हलला नाही. मीच ती धावत जाऊन कुंपणातून काढली.

मग बर्फ आलं. धूर कधी निघायचा, कधी नाही. एका दुपारी मी मीठ मागायला गेलो, तर तो बाकापाशी बसलेला. समोर ती भरलेली काडतुसं, न वापरलेली. स्वतःच्या बंदुकीत एकही घातलं नव्हतं त्यानं.

"हार्लन," तो म्हणाला, "ती पुंगळी तिनं का नेली असेल?"

मला कळलं तो काय म्हणतोय. आईच्या बंदुकीत एकदा उडालं, की पितळ पुन्हा तिच्या मापाचं होतं. साऱ्या डब्यातलं तेवढं एकच आता इंगाच्या बंदुकीचं होतं, आणि ते तिच्या खिशात होतं.

"मान दाबून घ्यायला आणणार असेल," मी म्हणालो. "तुझ्याकडूनच. तिच्याकडे साचा कुठाय?"

"तिनं सांगितलं तुला?"

"हो. फोन आला होता."

"तुझा फोन बंद पडलाय. तार बकरीनं खाल्ली, असं तूच सांगत होतास."

"बकरीच्या पोटातून आवाज येत होता."

तो हसला नाही. उठून त्यानं शेगडीत लाकूड टाकलं, माझ्यासमोर कप ठेवला, कॉफी ओतली आणि खुर्ची जवळ ओढून बसला.

"खोटं बोलतोयस."

"हो."

"मग नीट सांग की." त्यानं दोन्ही हात कपाभोवती धरले. "कधी येते? रस्ता कोणता धरते?"

मी एक घोट घेतला, आणि गोष्टीत तिला किनाऱ्यावरून निघायला लावलं.