रुपरावचे दोन पाय

नत्थूजींचा स्वतःच्या सावलीवरही भरवसा नव्हता. सदर भागातल्या एका गल्लीत त्यांची फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवायची भट्टी होती. कोळसेवाल्याने पोतं टाकलं की ते तळापर्यंत हात घालून पाहत, न जाणो खाली दगड भरले असतील! असा माणूस सख्ख्या भावाला तरी कसा सोडणार?

धाकटा भाऊ रुपराव दिवाळीच्या आधी शिडीवरून घसरला, तो थेट फाटकाच्या टोकदार कांबीवर. कांब पाठीत, मणक्याच्या उजव्या अंगाला शिरली. जखम भरली, पण उजवा पाय फरफटत राहिला. नेमका त्याच सुमारास रुपरावचा साळा सावनेरला स्वतःची भट्टी काढत होता. झालं, नत्थूजींच्या मनात पाल चुकचुकली. पायाला धाड भरलेली नाही, पठ्ठ्याला सासुरवाडीला सटकायचं आहे!

लुळ्या पायाला डाग द्यायचा, हा त्यांच्या घरचा जुना उपाय. नत्थूजींना त्यात आयतीच परीक्षा सापडली. पाय खरंच मेला असेल तर चटका कळणार नाही, कळला तर सोंग उघडं पडेल. त्यांनी सळई लाल केली आणि रुपरावच्या उजव्या पोटरीला टेकवली.

रुपराव असा किंचाळला की गल्ली गोळा झाली.

"पाहा! मेल्या पायाले चटका कसा लागते गा?" नत्थूजी गरजले.

"भाऊ, हा पाय हलत नाही, पण याले सारं समजते," रुपराव रडत म्हणाला. "डावा चालते, पण त्याले थंड-गरम काहीच समजत नाही. खरं सांगून राहिलो."

नत्थूजींना हसूच फुटलं. अरे, लबाडी करावी तर धड करावी! कोणत्या पायाचं सोंग घेतलंय, तेही याला धड आठवेना. रुपरावची बायको कौशल्या काकुळतीला आली. "भाऊजी, एकदा मोठ्या दवाखान्यात दाखवा ना!" पण त्यांनी रुपरावला दुसऱ्याच दिवशी भात्यावर उभं केलं.

तिथेही त्यांची पाळत होतीच. कोणी पाहत नाही असं वाटलं की हा उजवा पाय नीट टाकतो का, हे ते जाळीआडून पाहत. एका दुपारी असंच पाहताना त्यांना जळका वास आला. कोळशात काही मिसळलंय, मेला चोर कोळसेवाला, असं म्हणत ते पुढे आले आणि जागीच थिजले. रुपरावच्या अनवाणी डाव्या टाचेखालून धूर निघत होता. टाचेखाली निखारा होता आणि रुपराव भिंतीला टेकून निवांत भाता ओढत होता. असं सोंग कोणाच्या बापाला जमलं नसतं.

दवाखान्यात कुसुमताई डॉक्टरांनी रुपरावला डोळे मिटायला लावून दोन्ही पायांना टाचणी टोचली. मग नत्थूजींच्याच पाठीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "मणक्यांच्या आत मज्जारज्जू असतो, जाड दोरीसारखा. उजवा पाय हलवायचा हुकूम त्याच्या उजव्याच बाजूने खाली येतो. पण डाव्या पायाचा चटका त्या दोरीत शिरला की लगेच उजवीकडे ओलांडतो आणि मग मेंदूकडे चढतो. यांची उजवी बाजू कापली गेलीय. म्हणून उजव्याची चाल गेली आणि डाव्याचा चटका. उजव्याचा चटका डावीकडून जातो, तो रस्ता शाबूत आहे."

म्हणजे रुपराव अक्षर न् अक्षर खरं बोलला होता.

"टाच हाडापर्यंत जळलीय," कुसुमताई म्हणाल्या. "चालता येत होतं ते याच पायावर. हा वाचेल की कापावा लागेल, आज सांगता येत नाही. आणि या पोटरीला काय झालं?"

नत्थूजी पोटरीवर चादर ओढू लागले.

"भट्टीचं काम आहे, बाई. लागते कधी कधी," रुपराव म्हणाला.

बाई गेल्यावर नत्थूजी खाटेशी बसले. शरमेने त्यांना भावाच्या तोंडाकडे बघवेना. डाव्या पायाच्या पट्टीवर हात ठेवून त्यांनी कसंबसं विचारलं, "लय दुखते का रे?"

"हा नाही दुखत, भाऊ," रुपराव म्हणाला. "तुम्ही डागला, तो दुखते."