वाघोबाच्या उतारावर बंद केलेली जीप

पेट्रोलवरचा कर वाढवणाऱ्या साहेबा, मला एकदाही न बघता तू माझ्याबद्दल खोटं लिहिलंस. पेट्रोल ही श्रीमंतांची चैन, त्यावर कर चढवला तर गरिबाला झळ लागत नाही, असं तू कागदावर मांडलंस. माझ्यात कोण बसतं हे विचारायला मनोरपर्यंत आला नाहीस.

मी एक जुनी जीप आहे, पेट्रोलवर चालणारी. मित्रांनो, बाहत्तर साली मी कारखान्यातून निघाले आणि बोईसरला सरकारी खात्यात लागले. तिथे तेव्हा कारखान्यांसाठी जमिनी मोजत होते. मी साखळ्या, खुंट्या आणि साहेब वाहिले. दसऱ्याला मला झेंडूचा हार पडायचा. पेट्रोलचा भाव काय, हे मला ठाऊक नव्हतं. आत बसणाऱ्या साहेबांनाही नव्हतं. बारा वर्षांनी मला लिलावात काढलं.

मनोरच्या दामूने मला घेतलं. मनोर ते पालघर माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. पाड्यांवरची माणसं, कोंबड्या, भाताच्या गोणी, तापाने फणफणलेली पोरं, सगळं मी नेलं. आजारी माणसाकडून दामू भाडं घेत नसे. लोक म्हणत, जीप असावी तर दामूची.

वाटेत वाघोबाची खिंड आहे. चढ संपला की ड्रायव्हर वाघोबा देवाच्या देवळापाशी थांबतात, हात जोडतात आणि मग पुढे निघतात. नव्वद साली पेट्रोल आणखी महागलं. तेव्हापासून हात जोडून झाले की दामू किल्लीही बंद करू लागला. इंजिन गप्प, गिअर मोकळा, आणि पालघरच्या बाजूचा सगळा उतार मी घरंगळत उतरायची.

"दामू, हितून गाडी वाघोबा हाकतो," मागे बसलेला म्हातारा झिपरू ओरडायचा. "आरधं भाडं त्याला दे!"

"देतो की, बाबा. पण त्याच्यावर बी सरकार कर लावंल!"

सगळी जीप हसायची.

तेवढ्याने भागेना, तेव्हा दामू पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळू लागला. ही चूक त्याची, मी झाकत नाही. रॉकेलने माझ्या प्लगांवर काजळी धरली. चालत्या गाडीला गिअर टाकला तर मी सुरू व्हायची. जागेवर थांबले की उठत नसे.

माघ महिना होता. सकाळी दामूने नवसीला घेतलं. तिचं पहिलं बाळंतपण. पोर आडवं आलंय, पालघरला न्या, असं सुईणीने सांगितलं होतं. सोबत सासू राहीबाई. खिंडीत दामू थांबला, त्याने हात जोडले आणि रोजच्या सवयीने किल्ली बंद केली.

उतार संपून पुढचा छोटा चढ लागतो, त्या खोलगटात गुरं आडवी आली. दामूने ब्रेक दाबला. मी थांबले. मग त्याने किल्ली फिरवली, हँडल मारलं. काही नाही.

"ढकल रं दामू, पोरगी जाईल माझी!"

"मावशे, तू बी हात लाव. येकट्याला व्हनार नाय."

चढावर दोघांनी मला ढकललं. मी चार हात गेले आणि मागे आले. पुन्हा गेले, पुन्हा आले.

आतून नवसी म्हणाली, "दादा, गाडी चालत व्हती ना? मंग बंद कशाला केली?"

दामू बैलगाडी बघायला पाड्याकडे पळाला.

बैलगाडी मिळेपर्यंत ऊन वर आलं होतं. नवसी वाचली. पोर माझ्या मागच्या सीटवर झालं. ते रडलं नाही.

दामूने मला घरामागे लावलं ते कायमचं. सीटच्या भोकात कोंबड्या अंडी घालतात. मला काही वाटत नाही.

मित्रांनो, गाडीच्या पोटात काय घालता ते बघा. तिचे प्लग पुसा. तिची निगा राखलीत तर ती अडल्या वेळी उठेल. तुम्हाला मी एवढंच सांगू शकते.

साहेबा, तुला मात्र विचारायचं आहे. तेल परदेशातून आणावं लागतं, त्याला पैसा लागतो, हे मला कळतं. कर वाढवायचा तर वाढव. पण त्या पैशातून आमच्या पाड्यांसाठी एक तरी दवाखान्याची गाडी आधी उभी केली होतीस का? नवसीने विचारलं त्याचं अर्धंच उत्तर दामूकडे आहे. उरलेलं तुझ्याकडे आहे. ये, तिच्या अंगणात उभा राहा आणि सांग.