रांग कशाची?

मी मतपेटी बोलतेय. कागदी चिठ्ठ्यांची नव्हे, बटणांची. हिरवं बटण दाबलं की मी किलबिलते आणि माणसाचं मत माझ्या पोटात जातं. एवढ्या अवाढव्य ब्राझीलमध्ये कुठेही न्या, मी अशीच किलबिलते. याचा मला फार अभिमान होता.

त्या वर्षी दुष्काळानं ॲमेझॉनच्या खोऱ्यात नद्यांची डबकी झाली. बोआ एस्पेरा गावाकडे एकच होडी कशीबशी सरकत होती. पहाटे धक्क्यावर मी होते आणि पाण्याचे चार कॅनही.

"दोन्ही घेतलं तर होडी रुतेल," नावाडी एरिव्हाल्डो म्हणाला. "बाई, आधी काय?"

केंद्रप्रमुख जुसिलेदबाईंनी घड्याळ पाहिलं. "आधी पेटी. आठला मतदान सुरू व्हायला हवं."

मला कोण आनंद झाला!

गाव बादल्या घेऊन काठावर उभं होतं. झुल्मिरा आजींनी होडीत वाकून पाहिलं. विहिरीचं गढूळ पाणी पिऊन त्यांची नात दोन दिवस जुलाबानं निपचित पडली होती.

"पाणी कुठंय?"

"पुढच्या फेरीत, आजी," बाई म्हणाल्या.

"मग हिच्यातलं मत पाजू होय पोरीला?"

कुणी हसलं नाही. मी हादरलेच. मला पाहून माणसांचे चेहरे असे पडलेले मी कधी पाहिले नव्हते.

बाईंनी होडी लगेच माघारी पिटाळली. काठावरच्या शाळेत मला मांडून शून्याची पट्टी छापली. अजून एकही मत पडलेलं नाही, याची ती खूण. दुपारचे तीन वाजले तरी ती पट्टी खरीच होती! खिडकीतून मला दिसत होतं, गाव बादल्यांसह रांगेत बसून नदीकडे बघत होतं.

पाच वाजले, मतदान बंद व्हायची वेळ. पाचच्या ठोक्याला जो रांगेत असेल त्याला क्रमांकाची चिठ्ठी मिळते, मग उशीर झाला तरी त्याचं मत घेतात. बाई चिठ्ठ्या घेऊन बाहेर गेल्या.

"आजी, खरं सांगा. ही रांग पाण्याची की मताची?"

"अगं बाई, तहानलेल्याला दोन-दोन रांगा परवडतात होय? दे ती चिठ्ठी."

बाईंनी अडतीस चिठ्ठ्या वाटल्या. ते नियमात बसलं की नाही, मला अजून ठाऊक नाही.

सहाला होडी रुतत-रुतत आली. नातीनं साखर-मिठाचं पाणी घोट-घोट घेतलं, डोळे उघडले. तेव्हा कुठे आजी माझ्यापुढे आल्या आणि ओल्या बोटानं हिरवं बटण दाबलं. मी किलबिलले, पण मान खाली घालून.

आता मी गोदामात आहे. एवढ्या मोठ्या देशात, इतक्या तऱ्हांच्या माणसांत, संकटकाळी निवडणुका चालतील का, असा वाद लोक माझ्यासमोर घालतात. मला काय कळणार त्यातलं? मी एवढंच मागते: पुन्हा होडीत एकाचीच जागा असली, तर मला धक्क्यावर ठेवा. मी दुसऱ्या फेरीत येईन.