अप्पांच्या मुठीचं मीठ

महालिंगअप्पा गेले तेव्हा त्यांनी शेवटचं पाणी आपल्याच हातून घेतलं, असं सांगणारी माणसं पेठेत तेरा निघाली. लीलानं मोजली होती. ती राजारामपुरीतल्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायची, आणि वडील गेल्यावर माणसाला काहीतरी मोजत बसावंसं वाटतं. खरं तर अप्पा दुपारी जेवून आडवे झाले ते चहाला उठलेच नाहीत. पाणी कोणीच पाजलं नव्हतं.

शोकसभा मंडळाच्या सभागृहात झाली. अध्यक्ष बाळाप्पा तेलाचे व्यापारी होते. ते पाऊण तास बोलले, आणि त्यातली दहाएक मिनिटं अप्पांबद्दल होती. त्यांनी अप्पांना ‘अन्नदानाचा हिमालय’ म्हटलं. चिटणीस गुंडूअण्णांना हिमालयाहून उंच काही सापडेना, म्हणून त्यांनी ‘दासोहाचा दीपस्तंभ’ म्हटलं आणि शेवटी आभार मानताना उपस्थित राहिल्याबद्दल अप्पांचेही आभार मानले. अव्वा, म्हणजे लीलाची आई शांतादेवी, पदराआड हसली. दहा दिवसांत पहिल्यांदाच.

लक्ष्मीपुरीतल्या धान्याच्या दुकानात अप्पा दिवाणजी होते. पण पेठ त्यांना ओळखायची ती श्रावणातल्या शेवटच्या सोमवारमुळे. त्या दिवशी मंडळाचा दासोह असायचा. म्हणजे सगळ्यांना जेवण: गव्हाची गोड हुग्गी, भात, आमटी. पाचशे पानं, कोणीही यावं, जात विचारायची नाही, नाव विचारायचं नाही, पोटभर जेवून जावं. तेवीस वर्षं त्या आमटीपुढे अप्पा स्वतः उभे राहिले. दुकानातून चार दिवसांची रजा काढायचे आणि लांब दांड्याचा डाव खांद्यावर टाकून निघायचे. गदा घेऊन निघाल्यासारखे.

अव्वाला विषमज्वर झाला तेव्हा तीन महिने अप्पांनीच लीलाच्या वेण्या घातल्या आणि त्यातली डावी कायम वर चढलेली असायची, हे शोकसभेत कोणी बोललं नाही. पाचशे पानं उठल्यावर ते तपेल्याच्या तळाशी उरलेली आमटी कृष्णातबरोबर चुलाणापाशी बसून खायचे आणि घरी येताना पोरांसाठी हुग्गीची खरवड आणायचे, हेही नाही. कृष्णात गवंडीकाम करायचा. दरवर्षी दासोहाला लाकडं फोडून जाळ सांभाळायचा आणि दरवर्षी पहिला घास घेऊन म्हणायचा, “अप्पा, चिंच जरा जादा झालीया.”

“फुडल्या खेपेला तू कर की मग,” अप्पा म्हणायचे.

तेवीस वर्षं हा एवढाच संवाद. सभेत कृष्णात दाराशी उभा होता. त्याला कोणी बोलायला सांगितलं नाही, कारण त्याला हिमालय ठाऊक नव्हता.

अप्पांच्या आमटीची सगळी कीर्ती मिठात होती. नैवेद्य दाखवल्याशिवाय अन्न जिभेला लावायचं नाही, त्यामुळे पाचशे माणसांची आमटी चव न बघता उतरवायची. मीठ मुठीनं पडायचं, खडे मीठ. आणि अप्पांचा एक नियम होता. मीठ घातलं की तोंडातून शब्द काढायचा नाही. मी घातलं, इतकं घातलं, काही म्हणून बोलायचं नाही. “सेवा केली आन् सांगून टाकली, तर मग ऱ्हायलं काय?” ते म्हणायचे. दहा वर्षांच्या लीलाला त्यांनी तपेल्यापाशी उभं करून कानात सांगितलं होतं, “माझ्या मुठीनं नऊ. तुझी मूठ मोठी झाली की तेरा.” मग त्यांनी ओठांवर बोट ठेवलं होतं.

आता अप्पांशिवायचा पहिला दासोह आला. बैठकीत ठराव झाला की आमटी अप्पांच्याच चवीची व्हायला पाहिजे. ठरावाला विरोध करणारा कोणी नव्हता, आणि ती चव कशी आणायची हे सांगणाराही कोणी नव्हता. लीला म्हणाली, “मी करते आमटी.”

“पोरी, तू आज अप्पांची लेक म्हणून मानाची पावणी,” बाळाप्पा म्हणाले. “तू पाटावर बसायचं. आमी हाय की! वीस वर्सं त्यांच्या शेजारी हुबा ऱ्हायलोय.”

हे खरं होतं. ते वीस वर्षं शेजारी उभे राहिले होते. डावाला हात मात्र लागला नव्हता.

लीलाला हिमालय नको होता, दीपस्तंभ नको होता. तिला तेवढी आमटी हवी होती. फोटो भिंतीवर राहतो, आवाज हळूहळू विसरतो, पण वर्षातून एकदा ती चव पाचशे जिभांवर आली तर अप्पा पुरते गेले नाहीत असं म्हणता येईल, असा तिचा हिशेब होता. म्हणून सकाळी सगळे चहाला गेल्यावर ती तपेल्यापाशी गेली. तेरा मुठी घातल्या. ओठांवर बोट ठेवलं आणि मानाच्या पाटावर जाऊन बसली.

थोड्या वेळानं गुंडूअण्णा इकडेतिकडे बघत आले. अप्पांचा खरा शिष्य आपणच, अशी त्यांची मनोमन खात्री होती. अप्पांच्या हातून पडताना चोरून मोजलेल्या नऊ मुठी त्यांनी घातल्या, डोळे पुसले आणि नियमाप्रमाणे गप्प बसले. त्यांच्यानंतर बाळाप्पा आले. मूठ अध्यक्षाची, तेव्हा त्यांनी नवाच्या दहा केल्या आणि तेही नियमाप्रमाणे गप्प बसले. अप्पांचा कुठलाही नियम पेठेनं इतक्या निष्ठेनं कधी पाळला नव्हता.

नैवेद्य झाला. पानं मांडली. पहिल्या पंक्तीत हंबीरराव होते. त्यांना पुढच्या निवडणुकीत उभं राहायचं होतं, त्यामुळे ते त्या वर्षी सगळीकडे जेवत होते. पाचशे डोळे त्यांच्या घासावर. हंबीररावांनी भातावर आमटी ओढली, घास घेतला, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून एक मोठा ढग गेला. मग माणूस सावरला. राजकारणात जाणार हे नक्की होतं.

“व्वा!” ते म्हणाले. “डोळ्यांत पाणी आलं बघा. अप्पांच्याच हातची!”

संपलं. त्यानंतर खारट म्हणायची कोणाची छाती? पंक्तीच्या पंक्ती उठल्या, प्रत्येकाच्या डोळ्यांत पाणी, आणि प्रत्येकजण शेजाऱ्याला सांगतोय की काय आठवण आली हो अप्पांची. पाण्याच्या घागरी दोनदा भराव्या लागल्या. गुंडूअण्णा आणि बाळाप्पा एकमेकांकडे न बघता कृतार्थ होत होते. लीलानं एक घास घेतला आणि तिच्या लक्षात आलं. मुठी कोणाच्या ते तिनं चेहरे बघूनच ओळखलं. त्यातल्या तेरा आपल्या, हेही.

चुलाणापाशी कृष्णात एकटाच जेवत होता. त्यानं आमटी चाखली, वाटी बाजूला सारली आणि कोरडा भात खाल्ला. चिंचेबद्दल तो काही बोलला नाही. तेवढं मात्र लीलाला फार लागलं.

घरी अव्वा म्हणाली, “समुद्राला जाऊन आल्यागत वाटतंय गं.” आणि मग दोघी बराच वेळ पाणी पीत बसल्या.

पुढचं वर्ष एकोणीसशे पंचाहत्तर, आणीबाणीचं. देशभर गप्प बसायचे दिवस होते. श्रावणाआधीच्या बैठकीत लीला सरळ उभी राहिली. “औंदा आमटी मी करणार. न्हाय म्हणायचं असलं तर गेल्या साली कुणी कुणी मीठ घातलं ते आधी हात वर करून सांगायचं.”

एकही हात वर आला नाही. नियम पाळणारी माणसं होती.

त्या सोमवारी लीलानं पदर खोचला, अप्पांचा डाव घेतला, डाळ घोटली, चिंच कोळली. तेरा मुठी मोजून घातल्या. आणि मग बापाचा नियम तिनं भर मांडवात मोडला. तपेल्यावर झाकण आपटून ती ओरडली, “मीठ घातलंय! तेरा मुठी! ह्याउप्पर तपेल्याला ज्यानं हात लावला त्याचा हात ह्या डावानं मोडीन!”

 “काय ही भाषा,” गुंडूअण्णा पुटपुटले. “अप्पा असते तर…”

“अप्पा असते तर तुमी चहा पीत बसला असता. बसा की!”

पानं वाढली. लीला डाव हातात धरून उभी राहिली. हंबीररावांनी घास घेतला, आणि या वेळी ढग आला नाही, काहीच आलं नाही. त्यांनी बाळाप्पांकडे बघितलं. बाळाप्पांनी चाखलं आणि मान हलवली. दुःखानं.

“अळणी हाय.”

“अळणीच की,” पंक्तीतून आवाज आला. “गेल्या साली कशी झालती! त्याला म्हणायची अप्पांची आमटी.”

“मीठ आणा रे जरा!”

मिठाचं वाडगं पंक्तीतून फिरलं. माणसं चिमटीचिमटीनं अप्पांची चव परत आणू लागली. बाळाप्पा हात धुवायला जाता जाता लीलापाशी थांबले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, “वाईट वाटून घिऊ नको पोरी. लेक असली म्हणून बापाचा हात येतोयच असं न्हाय. एकेकाची तपश्चर्या असती.”

लीलानं डावाकडे बघितलं. मग बाळाप्पांच्या हाताकडे. 

तिनं स्वतः चाखून बघितली नव्हती. धीरच होत नव्हता. तेवीस वर्षं ती आमटी खाल्लेली पाचशे माणसं चुकीची आणि आपण तेवढ्या बरोबर, असं गणितात होतं कधीकधी, मांडवात क्वचित. कदाचित तेराचा आकडाच चुकला असेल. दहा वर्षांच्या पोरीला काय ऐकू आलं, कोण जाणे.

पानं उठली. उष्ट्या पत्रावळी गोळा झाल्या. कृष्णात चुलाणातली लाकडं ओढून विझवत होता. मग तो नेहमीच्या जागी बसला. लीलानं तपेलं कलतं केलं, तळाची आमटी त्याच्या भातावर घातली आणि हातातला डाव तसाच धरून समोर उकिडवी बसली.

कृष्णातनं घास घेतला. चावला. थांबला.  मग दुसरा घास घेतला, मोठा, आणि तोंड वाकडं करत म्हणाला,

“पोरी, चिंच जरा जादा झालीया.”

 लीलानं डावानं त्याच्या पानात अजून आमटी ओतली, भाताबाहेर गेली एवढी.

“फुडल्या खेपेला तुमी करा की मग, मामा,” ती म्हणाली, आणि तपेल्याच्या तळाला बोट फिरवून ते तोंडात घातलं.