आवळलेल्या नळीतली गोळी

मी शिशाची गोळी बोलतेय, तीही रिव्हॉल्व्हरच्या नळीतून. बारूद नाही, काडतूस नाही. नुसतं तेल चोपडून मला तोंडाकडून आत ठोकलंय आणि आता मी गच्च अडकलेय.

पूर्वी मी एका चर्चच्या छपरावरचा पत्रा होते. अमेरिकेत केंटकीतल्या वेंडेलने बायकोच्या बिडाच्या भांड्यात मला वितळवून साच्यात ओतलं. भांडं वाया गेल्याचा लोरीनला अजून राग आहे.

वेंडेल गोळ्या घरीच ओततो, काडतुसंही स्वतः भरतो. यंदा त्याचा नेम पार बिघडला. गोळ्या भलतीकडे जायच्या, नळीला आतून शिसं चिकटायचं. छापखान्यातले अक्षरांचे जुने खिळे मिसळून त्याने शिसं कडक केलं, तरी तेच. नेमबाजीच्या क्लबात कुजबुज सुरू झाली, म्हातारा थरथरतो म्हणून. लोरीनलाही तेच वाटत होतं. शेवटी त्याने तिला शब्द दिला, "दोष माझ्या हातात निघाला, तर रिव्हॉल्व्हर सोडतो."

नळीत दोष असला तर तो मऊ शिशाला कळतो, म्हणून खिळे न मिसळलेल्या माझी पाठवणी झाली. नळी रिव्हॉल्व्हरच्या सांगाड्यात जिथे पेचाने बसवलीय तिथे ती आवळलीय हो. चहूबाजूंनी दाबतेय, पुढे सरकू देत नाही.

बाहेर वेंडेल माझ्या पाठीला लाकडी दांडा लावून हातोडी मारतोय. एक घाव दांड्यावर, एक टेबलावर, एक अंगठ्यावर.

"दे इकडे," लोरीन म्हणाली.

"मला येतं."

"दिसतंय ना."

तिने सरळ घाव घातले आणि मी चेंगरत बाहेर पडले. वेंडेलच्या मित्राने, डेल्बर्टने, मला मापलं.

"नळीच मुळाशी अरुंद आहे रे. गोळी तिथे दबते, मग पुढे सैल धावते. भटकेल नाही तर काय? कारागीर सहज नीट करेल. जिंकलास की लेका."

वेंडेल सुजलेल्या अंगठ्याकडे बघत होता. "नीट करून घे," तो म्हणाला, "आणि तूच चालव."

"अरे, पण दोष नळीत निघाला ना?"

"दोन निघाले."

आता मी त्याच्या मुठीत आहे. थरथर दिसू नये म्हणून त्याने ती घट्ट मिटलीय. नळीत घुसमटले नाही एवढी इथे घुसमटतेय. वेंडेल, बाबा, मूठ सोड. लोरीनने हातोडी केव्हाच खाली ठेवलीय आणि ती तुझ्या हाताची वाट बघतेय.