शिवडीच्या ट्रकमधलं विष

संयुक्त महाराष्ट्राच्या सभेलाही शिवडी कोळीवाड्यात एवढी गर्दी झाली नव्हती. हरेश्वरचा मासळीचा डिझेल ट्रक बसला होता आणि जंजाळबाबा त्याचं भूत उतरवत होते.

स्टार्टर दाबला की ट्रक ‘घुर्र… घुर्र’ करून गप्प. लग्नाला दोन महिने झालेली हरेश्वरची बायको मंजुळा ट्रंक घेऊन दारात उभी होती. सगळा दोष तिच्या पायगुणाचा, तिला वसईला माहेरी धाडा, असं बाबांचं निदान. धाडायचं मात्र याच ट्रकमधून.

बाबांनी बॅटरीची पेटी उघडली. तारेच्या टोकावर हिरवट-पांढरा थर.

“करणीचं विष! सुनेच्या पावलानं आलंय!”

वर काळं फडकं टाकून त्यांनी आत चिमटा घातला. “फट् फट् स्वाहा!” हरेश्वरने स्टार्टर दाबला, ट्रक धडधडला. सासू राधाबाईंनी बाबांचे पाय धरले.

“बंद कर रे,” गोदीतला वायरमन शामराव हरेश्वरला म्हणाला. त्याने फडकं उचललं, तारेचा क्लॅम्प बोटाने जरा हलवला. “आता मार स्टार्टर.”

घुर्र… गप्प.

शामरावने बाबांचाच चिमटा घेऊन क्लॅम्प पिळला. “फट् फट् शामराव!” ट्रक सुरू.

“तुझा विश्वास नाही!” बाबा गरजले.

“नाय. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा भुतं सोडली. मीटर तेवढा ठेवला.”

“अरे, पण दिवे लागतात!” हरेश्वर म्हणाला. “बॅटरी ठीक, मग भूतच ना?”

शामरावने क्लॅम्प पुन्हा ढिला करून मीटर लावला. स्टार्टर दाबल्यावर बॅटरीवर बारा व्होल्ट, स्टार्टरपाशी सात.

“पाच या थरात अडकले. दिव्याला घोटभर वीज पुरते, स्टार्टरला घागरभर लागते. डिझेलला ठिणगी नसते. इंजिन जोरात फिरलं तरच आत हवा तापून ते पेटतं.”

“थर आणला कुणी?” हरेश्वरने विचारलं.

“थोडा अ‍ॅसिडच्या वाफेने. बाकी, दसऱ्यापासून दर सोमवारी बॅटरीवर नारळाचं पाणी कोण ओततं?”

सगळे राधाबाईंकडे वळले.

“देव समजून ओतते रे!”

“देवाला आंघोळ चालते, मावशी. बॅटरीला नाही. आणि दसऱ्याला मंजुळा या घरात आलीच नव्हती.”

शामरावने तार सोडवली, कढत पाण्याने विष धुतलं, टोक खरवडून नट आवळला. ट्रक पहिल्याच दाबाला सुरू झाला. तोवर बाबा दक्षिणेची कोंबडी घेऊन पसार, चिमटा मागेच.

राधाबाईंनी मंजुळाच्या हातातली ट्रंक घेतली आणि आत नेऊन ठेवली.

वाचकहो, गाडी अडली तर आधी क्लॅम्प पाहा. सुनेच्या पावलांमधून वीज जात नाही.