कडेची धार

पलटणीच्या बँडमध्ये केस पिकवलेला हवालदार हणमंत बदलीवर झाशीला आला आणि आल्या आल्या नवशिका ठरला. प्रवासात त्याच्या ट्रम्पेटचा जुना माउथपीस, ओठाला लावायचा तो तुकडा, हरवला होता. स्टोअरमधून नवा मिळाला, चकचकीत. कड रुंद आणि गोल, ओठाला गादीसारखी मऊ. पण फुंकलं की आधी नुसती हवा जायची, फुस्स, आणि सूर मागाहून डुलत यायचा.

"हणमंत, सो रहे हो क्या?" बँडचे सुभेदार छडी आपटत ओरडले. "सुर लेट आ रहा है!"

"साहब, इसकी किनार गोल है. होंठ को पकड़ नहीं मिलती."

"बाकी सबका भी वही है. रियाज़ करो."

बाकीच्यांचे ओठ त्या कडेवरच घडले होते. हणमंतचे घडले होते जुन्या माउथपीसच्या कडक कडेवर. पण हे ऐकतो कोण?

तो क्वार्टरमध्ये रियाज करू लागला. चौथ्या दिवशी त्याची बायको सावित्री स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"अहो, तो एकच सूर किती वेळा काढणार? शेजारच्या भाभीजी विचारत होत्या, भैया की तबियत ठीक है ना!"

"निघत नाही म्हणून तर काढतोय!"

रविवारी त्याने सायकल काढली आणि सीपरी बाजारातला, लेथवर धातू कातणारा एक खरादवाला गाठला.

"भैया, हम तो पंप के पुर्जे बनाते हैं. ये क्या है, चिलम?"

हणमंतने समजावलं, कडेला आतून जरा धार हवी, जराशीच. खरादवाल्याने सढळ हाताने दिली. चांदीचा मुलामा उडून आतलं पितळ दिसू लागलं.

सोमवारी छडी खाली आली आणि सूर चाबकासारखा सुटला. "शाबाश!" म्हणत सुभेदारांनी खुशीत सगळा कार्यक्रम पुन्हा वाजवून घेतला. तिसऱ्या धुनेला ती धार ओठात रुतू लागली. पितळेची चव कुठली आणि रक्ताची कुठली, हणमंतला कळेना. घरी पोचेपर्यंत ओठ पुरीसारखा टम्म.

"आधी सूर नव्हता, आता तोंडच राहिलं नाही," सावित्री म्हणाली. "साहेबांना स्पष्ट सांगा."

त्याने सांगितलं. सुभेदारांनी कपाळाला हात लावला. "पहले सुर लेट था, अब होंठ! कल कहोगे ट्रम्पेट भारी है."

हणमंत पुन्हा खरादवाल्याकडे गेला. या वेळी शेजारी उभं राहून, घासलं की ओठाला लावून बघत त्याने धार उतरवून घेतली. ओठ टिकला. सूर मात्र अजूनही केसभर मागे होता.

मग तो वैतागला आणि त्याने छडीकडे बघायचंच सोडलं. छडी हलण्याआधी सुभेदारांचं कोपर हलायचं. कोपर हललं की हा हवा सोडी.

परेडच्या दिवशी त्याचा एकही सूर मागे पडला नाही. सुभेदारांनी सगळ्यांसमोर त्याच्या खांद्यावर थाप मारली.

"देखा? मैं क्या कहता था! रियाज़ की कमी थी."

"जी साहब," हणमंत म्हणाला.

घरी येऊन त्याने ते वाक्य सावित्रीला जसंच्या तसं ऐकवलं. ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

"हसतेस काय?" हणमंत ओरडला.